उमेळ्यातून राष्ट्राध्यक्ष निवडताना

२०२७च्या जुलै महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत संपते आहे. त्याआधी नव्या राष्ट्रपतीची निवडणूक होईल. या निवडणुकीत आमच्या उमेळ्यातल्या एकाही माणसाला मत नाही. आमच्या वतीने वसईचे आमदार आणि पालघरचे खासदार मत देतील. शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेले असते. तरीही गेली दहा-बारा वर्षे मी इथे पाहतो आहे की, निवडणूक लोकसभेची असो, विधानसभेची असो की महापालिकेची, आपण मत देतो ते राष्ट्राध्यक्ष निवडायला निघाल्यासारखे. एक चेहरा हवा म्हणून किंवा तोच चेहरा नको म्हणून. मधला उमेदवार कोण, त्याने काय केले, तो काय करणार, हे प्रश्न बाजूला पडतात.

आपली राज्यघटना संसदीय आहे आणि आपली मतदानाची सवय मात्र अध्यक्षीय झाली आहे. या विसंगतीची किंमत सगळेच मोजतात, पण माझ्या मते सर्वात जास्त मुस्लिम मतदार मोजतो. म्हणून हा विषय इथे मांडतो आहे.

उमेळे हे नायगाव-वसई रोड पट्ट्यातले गाव. आजूबाजूला मिठागरे, खाडी आणि दर वर्षी वाढणाऱ्या इमारती. इथे जुने गावकरी आहेत, ख्रिस्ती शेजारी आहेत, मुंबईत घर परवडेना म्हणून आलेली कुटुंबे आहेत आणि त्यात आम्हीही आहोत. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी सकाळच्या लोकलमध्ये, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, इमारतीच्या गेटपाशी जी चर्चा कानावर यायची तिचे साधारण तीन प्रकार होते. पहिला प्रकार, 'वर मोदी आहेत ना, मग खाली कोणी का असेना.' दुसरा, 'लाडक्या बहिणीचे दीड हजार आले, आता एकवीसशे म्हणतात. समोरचे तीन हजार म्हणतात, पण आणणार कुठून?' आणि तिसरा, खास आमच्या लोकांतला, 'कमळाला पाडणार कोण? शिट्टी की पंजा?'

या तिन्हींत धोरणाची चर्चा म्हणता येईल अशी फक्त दुसरी होती आणि ती बायका करत होत्या. आमच्या शेजारच्या चाचींनी मला एकदा जिन्यात थांबवून हिशेबच सांगितला. "अरे, दीड हजार आले ते खरे. पण त्यातले आठशे टँकरच्या वर्गणीत गेले. मग सरकारने मला दिले किती? सातशेच ना?" मी म्हटले, "चाची, हेच प्रचाराला येणाऱ्यांना विचारा की." तर म्हणाल्या, "विचारले की. तो पोरगा म्हणाला, वरून योजना येते आहे." पाणी हा महापालिकेचा विषय, तिथे तेव्हा नगरसेवक नव्हते. आमदारकीच्या प्रचारात उत्तर मिळाले 'वरून'. चाचींचा प्रश्न कोणाच्याच टेबलावर गेला नाही.

तिसऱ्या चर्चेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. वसईची लढत तिरंगी होती. बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर, भाजपच्या स्नेहा दुबे पंडित आणि काँग्रेसचे विजय पाटील. निकाल लागला तेव्हा स्नेहा दुबे पंडित तीन हजारांहून थोड्या जास्त मतांनी विजयी झाल्या आणि काँग्रेसच्या उमेदवारालाही साठ हजारांवर मते होती. साहजिकच नंतर आमच्याकडे महिनाभर एकच खल चालू होता. मते फुटली, अमक्यांनी फोडली, तमक्यांनी ऐकले नाही. मत कोणामुळे फुटले या वादात मला पडायचे नाही. मला खटकते ते वेगळेच. त्या तिघांपैकी एकालाही आमच्या मोहल्ल्याने एकत्र बसून विचारले नाही की, बाबा रे, तू निवडून आलास तर पुढच्या पाच वर्षांत तुझ्याकडे आम्ही कशाचा हिशेब मागायचा? सगळी बुद्धी 'पाडायचे कोणाला' या गणितात खर्च झाली. ज्याला पाडण्यासाठी मत दिले तो पडला तरी जो आला त्याने आपल्याला कसलाही शब्द दिलेला नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना अध्यक्षीय आणि संसदीय या दोन पद्धतींची तुलना केली होती. त्यांचा मुद्दा असा होता की, सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त असते, कारण तिथे सरकारची झडती रोज घेतली जाते. प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास दाखवून सभासद ती घेतात. पाच वर्षांनी मतदार घेतात ती झडती वेगळी. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले.

आता या रोजच्या झडतीसाठी काय लागते? झडती घेणारा माणूस लागतो. म्हणजे आमदार, खासदार. तो आपण कशावर निवडतो? वरच्या चेहऱ्यावर. चेहऱ्याच्या नावावर निवडून आलेला माणूस त्या चेहऱ्याची झडती कशी घेईल? त्याला माहीत असते की, आपल्याला कोणी आपल्यासाठी मत दिलेले नाही.

काही जण म्हणतील, मग अमेरिकेसारखी पद्धतच आणू या, थेट राष्ट्राध्यक्षच निवडू. पण अमेरिकेतला मतदार एकाच दिवशी वेगवेगळी मते देतो. राष्ट्राध्यक्षासाठी एक, प्रतिनिधीगृहासाठी एक, सिनेटची जागा असेल तर तिसरे. नोव्हेंबर २०२४मध्ये अ‍ॅरिझोना राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी डोनाल्ड ट्रम्प यांना कौल दिला आणि त्याच दिवशी सिनेटवर डेमोक्रॅटिक पक्षाचे रुबेन गॅलेगो यांना पाठवले. गाडी एकाच्या हातात देऊन ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली ठेवण्याची सोय तिथल्या मतदाराला आहे. ती तो नेहमी वापरतो असे नाही, वापरली तरी ब्रेक लागतोच असेही नाही, पण सोय आहे. आपल्याकडे एकच मत आहे आणि त्यातून सरकारही निवडायचे आहे, सरकारला प्रश्न विचारणाराही निवडायचा आहे. अशा वेळी फक्त चेहरा पाहून मत दिले तर अध्यक्षीय पद्धतीतला एकटा माणूस मिळतो आणि तिथला ब्रेक मिळत नाही.

पालघरचाच दाखला पाहा. राजेंद्र गावित हे काँग्रेसचे आमदार होते, राज्यमंत्रीही होते. २०१८च्या पोटनिवडणुकीत ते भाजपच्या कमळावर खासदार झाले. २०१९मध्ये तेच शिवसेनेच्या धनुष्यबाणावर पुन्हा खासदार झाले. २०२२मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. मे २०२४मध्ये लोकसभेच्या उमेदवारीवरून भाजपमध्ये आणि त्याच वर्षी विधानसभेला शिंदे यांच्या शिवसेनेतून पालघरचे आमदार. हे सारे जाहीर आहे, कायद्यात बसणारे आहे आणि मला एका व्यक्तीवर टीका करायची नाही. सवाल मतदाराचा आहे. कोणी काँग्रेस म्हणून मत दिले, कोणी मोदी म्हणून, कोणी ठाकरे म्हणून. माणूस एकच. या सगळ्या वाटचालीत पालघरच्या मतदाराला विचारून काही ठरले का? नाही, कारण मतदाराने त्या माणसाशी करार केलाच नव्हता. त्याने केला होता तो होर्डिंगवरच्या फोटोशी.

याच भागातल्या लोकांना उमेदवार पाहून मत देता येत नाही असे मात्र नाही. २००९ साल आठवा. त्या वर्षी मे महिन्यात पालघरने बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांना लोकसभेत पाठवले. जुलैमध्ये वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली. गावांना ती नको होती. ऑक्टोबरच्या विधानसभेत याच प्रश्नावर वातावरण तापले आणि वसईतून अपक्ष विवेक पंडित आघाडीचे नारायण मानकर यांना हरवून निवडून आले. त्या निवडणुकीतली भूमिका बरोबर की चूक यावर आजही वाद होऊ शकतो. पण वाद प्रश्नावर होता. गाव महापालिकेत हवे की नको, कर किती बसेल, ग्रामपंचायत राहील की जाईल, यावर माणसे भांडत होती. मतदार म्हणून ते भांडण मला आजच्या घोषणांपेक्षा फार मोलाचे वाटते.

आता आमच्या बाजूचा एक आक्षेप. मित्र म्हणतात, 'तुझे गटार-पाण्याचे ठीक आहे, पण मुसलमानाला वरचा चेहरा पाहावाच लागतो. नागरिकत्वाचा कायदा दिल्लीत होतो, वक्फचा कायदा दिल्लीत होतो. आपल्यावर काय येणार हे वरचा माणूस ठरवतो. मग त्याला पाडण्याशिवाय दुसरा विचार कसा करायचा?'

हा आक्षेप हलका नाही. २०२४च्या प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'एक है तो सेफ है' या घोषणा महाराष्ट्रात घुमल्या. लोकसभेला मुसलमानांनी मत दिले त्याला 'व्होट जिहाद' म्हटले गेले. एखाद्या समाजाने मतदानाच्या रांगेत उभे राहणे हाच गुन्हा ठरवला जात असेल तर त्या समाजाची भीती खरी आहे. भीतीपोटी माणूस आधी संकट टाळायला पाहतो, जाहीरनामे नंतर वाचतो. हे मला कळते.

पण वक्फ दुरुस्ती विधेयकाचेच पाहा. एप्रिल २०२५मध्ये ते लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाले. हे २८८ म्हणजे २८८ खासदार. त्यात संयुक्त जनता दल आणि तेलुगू देसमचे खासदारही होते, ज्यांना बिहारमध्ये आणि आंध्रमध्ये मुसलमानांचीही मते मिळत आली आहेत. म्हणजे 'वरचा माणूस ठरवतो' हे अर्धेच खरे आहे. वरचा माणूस ठरवतो आणि खालचा बटण दाबतो. बटण दाबणाऱ्याला त्याच्या मतदारसंघात कोणी 'तुझी भूमिका काय' असे आधी विचारले होते का, याला महत्त्व आहे. ज्याला प्रश्नच विचारला गेला नाही त्याला उत्तर मोडल्याचा दोषही देता येत नाही.

आणि ज्यांना आपण मते दिली त्यांचे काय? २०२४च्या लोकसभेला महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. त्यावरून काँग्रेसचे नसीम खान यांनी प्रचारापासून दूर होत नाराजी जाहीर केली. तरीही आमच्या वस्त्यांतून मते गेली, भरभरून गेली. मला मुस्लिम उमेदवार हवाच असा माझा आग्रह नाही. पालघर तर अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे, तिथे तो प्रश्नच येत नाही. पण मते गृहीत धरली गेली ती का, याचा विचार करायला हवा. जो मतदार 'तू फक्त त्याला हरव, मला दुसरे काही नको' असे सांगतो त्याला दुसरे काही मिळत नाही. २०२४च्या विधानसभेत २८८पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले. चाचींच्या टँकरचा प्रश्न त्या दहा जणांनी मांडायचा नाही, तो आमच्या आमदारांनीच मांडायचा आहे, मग त्या कोणत्याही पक्षाच्या असोत आणि आम्ही त्यांना मत दिलेले असो वा नसो. निकालानंतर त्या आमच्याही आमदार झाल्या, हे आमच्या मोहल्ल्याला उमगायला हवे आणि त्यांनाही.

देवबंद परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताचा शरीयतच्या दृष्टीने विचार करताना त्याची तीन रूपे सांगितली होती. मत ही शहादत म्हणजे साक्ष आहे, सिफारिश आहे आणि वकालत म्हणजे आपला वकील नेमणे आहे. मला हे विवेचन केवळ मुसलमानांपुरते वाटत नाही. साक्ष आपण कशाची देतो? जे पाहिले आहे त्याची. टीव्हीवरच्या चेहऱ्याबद्दल मी काय साक्ष देणार? पण गल्लीतल्या उमेदवाराने पुराच्या दिवशी काय केले, कोणत्या बिल्डरबरोबर त्याचे उठणे-बसणे आहे, हे मला दिसते. ती साक्ष मी देऊ शकतो. सिफारिश केलेला माणूस पुढे वाईट वागला तर लोक सिफारिश करणाऱ्याकडे बोट दाखवतात. आणि वकील नेमला की त्याला दर तारखेला विचारायचे असते, आज कोर्टात काय झाले. पाच वर्षांनी एकदा वकिलाचे तोंड पाहणारा अशील खटला हरतोच. बाबासाहेबांची रोजची झडती आणि मुफ्तीसाहेबांची वकालत या दोन्ही गोष्टी मला एकाच ठिकाणी आणून सोडतात.

वसईच्या बाबतीत हा खटला किती वर्षे बिनवकिलाचा चालला ते पाहा. महापालिकेची मुदत जून २०२०मध्ये संपली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे वाद असे होत होत निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ला, तीही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. साडेपाच वर्षे प्रशासकाचा कारभार. २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर वस्ती असलेल्या शहराला इतकी वर्षे एकही नगरसेवक नव्हता. कोविडमध्ये खाट मिळेना तेव्हा नव्हता, गुडघाभर पाण्यात नव्हता. ऑगस्ट २०२५मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसे गेली तेव्हाही नव्हता. नगरसेवक असते तर इमारत पडली नसती असे मी म्हणत नाही. पण धोकादायक इमारतींचा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारणारे कोणीतरी असते. आणि या साडेपाच वर्षांत लोकसभा आणि विधानसभा अशा दोन मोठ्या निवडणुका होऊन गेल्या. 'आमची महापालिकेची निवडणूक का होत नाही' हा प्रश्न त्यांच्या चर्चेत मी आमच्या भागात जवळजवळ ऐकलाच नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदाराला नगरसेवक नसल्याचे जाणवतही नाही.

आता नगरसेवक आले आहेत, पण तेही चारचारच्या प्रभागांतून. प्रत्येक मतदाराने एकाच वेळी चार मते द्यायची. पॅनेलचे चिन्ह पाहून चारही बटणे दाबली गेली की चौघांपैकी गटाराला जबाबदार कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. एकाला विचारले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ही रचना मतदाराने मागितलेली नाही, पण तिच्यात हिशेब कसा मागायचा हे त्यालाच शोधावे लागेल.

उपाय मोठे नाहीत. प्रत्येक उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र जाहीर असते. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळे लिहिलेले असते. ते मोहल्ल्यातल्या पोरांनी छापून वाचून दाखवावे. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो, तो उमेळ्यात किती आला हे विचारावे. २००९च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. ग्रामसभेसारखी शहरातल्या मतदारांची सभा. ती आमच्या प्रभागात भरवा, अशी लेखी मागणी चारही नगरसेवकांकडे करावी. मशिदीची कमिटी, चर्चचे मंडळ आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी या तिघांनी एका कागदावर सह्या केल्या तरी तो कागद नाकारणे अवघड जाईल. मागणी कब्रस्तानाच्या जागेची असेल तशी पाण्याची आणि गटाराचीही असावी, म्हणजे ती फक्त 'त्यांची' मागणी राहणार नाही.

आणि २०२७चा जुलै. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य राष्ट्रपती निवडणुकीत १७५ धरले जाते. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. तिला २८८ आमदारांनी आणि पुन्हा हजाराने भागून हा आकडा येतो. म्हणजे त्या १७५च्या मागे माणसेच उभी आहेत. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. १९६९मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, पण इंदिरा गांधींनी विवेकबुद्धीने मत द्या म्हटले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. २००७मध्ये भाजपबरोबर असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, कारण त्या महाराष्ट्राच्या. २०२२मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने विरोधी आघाडीत असून द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला.

एरवी सभागृहात 'पक्षाचा आदेश होता' असे सांगून आमदाराला सुटता येते. इथे ते उत्तर चालत नाही. म्हणून पुढच्या वर्षी आपल्या आमदारांना आणि खासदारांना विचारू या, तुम्ही कोणाला मत देणार आणि का? मतदान गुप्त असते, खरे काय केले ते कळणार नाही. तरी विचारू या. आपल्याला ज्यात मत नाही त्या निवडणुकीबद्दल प्रश्न विचारायची सवय लागली तर ज्यात मत आहे तिथेही उमेदवाराच्या तोंडाकडे पाहून बोलता येईल. चाचींनी त्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला आहे. महिन्याला टँकरचे किती, आणि कोणत्या महिन्यापासून. पहिली क्षेत्रसभा भरली की ती वही आधी वाचू या.